यंत्राची मराठी आणि आमची

विचार करणारे यंत्र मराठी कथा-कादंबरीत येऊन पुष्कळ वर्षे लोटली. मराठी घरात ते आले त्याला मात्र अजून पाच वर्षेही पुरी झालेली नाहीत. 2022च्या नोव्हेंबरअखेरीस अमेरिकेतील एका कंपनीने चॅटजीपीटी नावाचे बोलके यंत्र लोकांपुढे ठेवले, पाठोपाठ इतरांनी आपापली यंत्रे आणली, आणि आज धाराशिवच्या एस. टी. स्टँडवर गाडीची वाट पाहणारा मुलगाही खिशातला फोन काढून त्याला सहज काहीतरी विचारतो. सुशिक्षित लोक याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. बाकी सगळे ‘एआय’ म्हणतात. आमच्याकडे ‘ए आय’ अशी हाक आईला मारतात. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या एका आजीबाईंची बरेच दिवस अशी समजूत होती, की हल्लीची पोरे काही अडले की आईला विचारतात. आणि त्या समजुतीचे त्यांना मोठे समाधान होते.

या यंत्राविषयी लोकांना काय वाटते हे पाहू गेल्यास गंमत दिसते. ज्याची लेक पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे तो धास्तावलेला असतो. ज्याने पोराच्या नोकरीचा अर्ज यंत्राकडून लिहून घेतला तो त्याची आरती ओवाळतो. तिसऱ्याने सगळेच खोटे ठरवून टाकलेले असते. 2024च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंग अभयारण्यात वाघ आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वराहून शेकडो किलोमीटर चालत आलेला खराखुरा वाघ. कॅमेऱ्यात त्याचे छायाचित्रही निघाले. ते पाहून आमच्याकडचे एक शहाणे गृहस्थ म्हणाले, “ह्ये एआयचं हाय.” पुढे कुणीतरी यंत्राकडून काढवलेला बिबट्या देवळाच्या पायरीवर बसवून फोनवर पाठवला, तेव्हा हेच गृहस्थ चार दिवस अंधार पडल्यावर रानात गेले नाहीत.

ही भीती आणि ही भक्ती, दोन्ही जुन्याच आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली देशात बांधलेले गणकयंत्र सुरू झाले, त्याला पंडित नेहरूंनी पुढे ‘टिफ्रॅक’ असे नाव दिले, आणि वर्तमानपत्रे कौतुकाने भरली. त्याच दशकात आयुर्विमा महामंडळात गणकयंत्रे येणार म्हणताच नोकरवर्ग रस्त्यावर आला, आणि स्वयंचलनाच्या प्रश्नावर सरकारला प्रा. वि. म. दांडेकरांची समिती नेमावी लागली. तेव्हा चर्चा होती ती यंत्र किती माणसांचे काम करील याची. आजही तीच आहे. फरक एवढाच, की ते यंत्र आकडे मोजीत होते आणि हे मराठीत लिहिते.

माझ्यासारख्याला हा फरक फार मोठा वाटतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. एका विनाअनुदानित शाळेत मराठी शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. यंत्राला बुद्धी आहे की नाही हा वाद माझ्या आवाक्यातला नाही. इंग्लंडमधल्या ॲलन ट्युरिंगने 1950 मध्ये तो सुरू केला आणि विद्वान अजून तो घालीत आहेत. परंतु नवा लेखक पुढे आला, म्हणजे त्याच्या मेंदूचे वजन किती हे आपण विचारीत नाही. तो लिहितो कसे ते पाहतो. हाही एक नवा लेखकच आहे. अर्ज, निबंध, लग्नपत्रिका, निवडणुकीची भाषणे, श्रद्धांजल्या, वाढदिवसाचे फलक, सगळे तो लिहितो, आणि इतके लिहिणारा लेखक मराठीत पूर्वी झाला नसावा. अशा लेखकाची समीक्षा कुणीतरी करावयास हवी की नको?

आपल्या कथाकारांनी या पात्राची कल्पना कशी केली होती, हे आधी आठवून पाहावे. डॉ. जयंत नारळीकर 2025च्या मे महिन्यात गेले. त्यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी शाळेच्या वाचनालयातून नेऊन वाचलेली आहे. जमिनीच्या पोटात एक पेटी सापडते. तिच्यात आपल्याहून पुढारलेल्या, नामशेष झालेल्या संस्कृतीचे ज्ञान साठवलेले असते. त्या ज्ञानावरून एक बुद्धिमान यंत्रमानव तयार होतो, आणि याला मोकळे सोडले तर माणसाचे काय होईल या प्रश्नाशी वाचक येऊन ठेपतो. नाव किती नेमके निवडले आहे पाहा. पाडव्याला आपण ज्याचे स्मरण करतो त्या बळीकडे वामनाने मागितली ती तीनच पावले जमीन. गावाकडे या कथेत लोकांचे मन बळीकडे असते, वामनाकडे नसते, हे शहरातल्या वाचकांना सांगून ठेवतो.

तथापि नारळीकरांच्या यंत्राला इच्छा आहे. त्याला काही हवे आहे आणि म्हणून ते भयंकर आहे. आपल्या घरात आलेल्या यंत्राला काहीही हवे असल्याचे मला तरी दिसत नाही. त्याच्यापाशी इच्छा नाही, पण ढब आहे. बोलण्याची एक ठरीव, गुळगुळीत ढब. कादंबरीकाराने भ्यावे ते इच्छेला. भाषेच्या मास्तराने ढबीला भ्यावे.

या ढबीचा उगम शोधताना मला एक गोष्ट सापडली, ती मराठी नाटकवेड्यांना आवडेल. माणसाशी लेखी गप्पा मारणारे पहिले नामांकित यंत्र 1966 मध्ये अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम या प्राध्यापकाने तयार केले. ते फार काही करीत नसे. आपण म्हणावे, मी उदास आहे. त्याने विचारावे, तुम्ही उदास आहात असे तुम्हाला का वाटते? एवढ्यावर त्या प्राध्यापकाची सेक्रेटरी त्याच्याशी मन मोकळे करू लागली आणि थोड्या वेळाने तिने साहेबांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्या यंत्राचे नाव होते एलायझा. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातली फुले विकणारी एलायझा, म्हणजेच पु. ल. देशपांड्यांची, 1975 साली भक्ती बर्व्यांनी रंगभूमीवर अजरामर केलेली, ‘ती फुलराणी’मधली आपली मंजुळा! शिकवले की हिची भाषा सुधारते, म्हणून यंत्राला तिचे नाव.

पण आज पाहावे तो नाटक उलटे झाले आहे. आता यंत्र हा प्रोफेसर आहे आणि फुलराणी झाली आहेत ती आमची पोरे.

लातूर-धाराशिवकडे एक क्रियापद आहे, ते इतर महाराष्ट्राला चमत्कारिक वाटते. ‘मी जेवलालो’ म्हणजे मी जेवत आहे. ‘पाऊस पडलालाय’ म्हणजे या क्षणी पडतो आहे. ‘जेवलो’ म्हटले की हात धुऊन झाला. ‘जेवलालो’ म्हटले की भाकरी अजून ताटात आहे. एवढ्याशा ‘ला’मध्ये होऊन गेलेले आणि होत असलेले यांच्यातले सगळे अंतर आहे. यंत्राला हा ‘ला’ ठाऊक नाही. त्याला ती चूक वाटते आणि ते मोठ्या अदबीने ती दुरुस्त करते.

2025च्या सप्टेंबरात आमच्या जिल्ह्यात पावसाने कहर केला. भूम-परंड्याकडे पाण्याने गावे वेढली, माणसे काढायला बचावपथके आली, काढणीला आलेले सोयाबीन रानात उभ्या उभ्या भिजले. त्या दिवसांत आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने फोनवरच्या बोलक्या यंत्राला विचारले, “सोयाबीनच्या शेंगा कुजलाल्यात, काय करू?” हे यंत्र सरकारी नव्हे, कुठल्याशा कंपनीचे, नावाशी आपल्याला कर्तव्य नाही. त्याने ऐकले, ‘कुजल्या आहेत’. मग पीक हातचे गेल्याबद्दल दोन वाक्ये हळहळ व्यक्त करून ते रब्बीची तयारी सांगू लागले, हरभऱ्याचे बियाणे किती लागेल तेही सांगितले. गड्याला वाचवायचे होते ते उभे पीक. कुजणे नुकते सुरू झाले होते. त्याने फोन खिशात घातला, कुदळ घेतली आणि पाण्याला वाट काढायला गेला.

हा दोष कुणा अभियंत्याच्या वाईट हेतूचा नाही, हे सांगितले पाहिजे. हे यंत्र असंख्य लिहिलेल्या पानांवर पोसलेले असते. एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे त्या पानांवरून ताडून ते वाक्य जुळवते. ज्याची पाने अधिक त्याचा संभव अधिक. 2011च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख लोक होते. पण इंटरनेटवरची मराठी त्या मानाने थोडी, आणि जी आहे ती बव्हंशी वर्तमानपत्रांची, सरकारी परिपत्रकांची, पुण्या-मुंबईच्या लिहिणाऱ्यांची. ‘जेवलालो’ लिहिले आहे कुणी? आम्ही बोलतो तसे आम्हीच कधी लिहिले नाही. शाळेत त्याला लाल शाई लागते. मीही लावतो, परीक्षेचे नियम मी केलेले नाहीत. 2024च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले, आमच्या शाळेतही वाटले. त्या दर्जाच्या मखरात कोणकोणत्या मराठीला बसायला जागा आहे, हे अजून कुणी सांगितलेले नाही.

आमच्या भागाला दुसऱ्याच्या भाषेत दाद मागण्याची सवय जुनी आहे. 1948च्या सप्टेंबरापर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. राज्यकारभार उर्दूत, उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूत, जिल्ह्याचे नावही निजामाच्या नावावरून. ते 2023 मध्ये बदलून धाराशिव झाले. रयतेची भाषा मराठी आणि कचेरीची उर्दू, मधे उभा अर्जनवीस. त्याने काय लिहिले ते सही करणाऱ्याला, म्हणजे अंगठा उठवणाऱ्याला, कळत नसे. राज्य गेले, कचेरीची भाषा मराठी झाली, तरी अर्जनवीस काही गेला नाही; कचेरीची मराठीसुद्धा आमच्या म्हाताऱ्यांना उर्दूइतकीच परकी होती. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तल्या मास्तरावर गावाची नाना कामे येऊन पडतात, तशी खेड्यातल्या प्रत्येक मास्तरावर पडतात आणि अर्ज हे त्यांतले पहिले.

ते काम आता यंत्राने उचलले आहे, आणि याबद्दल त्याचे आभार न मानणे हा कृतघ्नपणा होईल. आमच्याकडच्या एका विधवा बाईंना निराधार योजनेसाठी अर्ज करावयाचा होता. पूर्वी त्या दोनदा येऊन गुर्जी घरी नाहीत म्हणून परत गेल्या असत्या, तिसऱ्यांदा चहाला थांबून संकोचाने बोलल्या असत्या. आता नातवाने फोन तोंडापुढे धरला, त्या बोलल्या, दोन मिनिटांत अर्ज तयार. कुणाच्या पाया पडणे नाही, कुणाला पन्नास रुपये देणे नाही. अर्जनवीसाची सद्दी संपवणारे यंत्र गरिबाचे मित्रच आहे. राज्य सरकारने 2025 मध्ये शेतीसाठी या विद्येचे धोरण मंजूर केले, पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपये ठेवले, शेतकऱ्याला मराठीत उत्तरे देणारे ‘महाविस्तार’ सुरू केले; बारामतीकडे उसाच्या शेतात प्रयोग चालू आहेत. शेतकऱ्याला तज्ज्ञाच्या दारात ताटकळावे लागू नये, हा हेतू चांगला आहे. त्यावर नाक मुरडणारे आमचे काही साहित्यिक मित्र स्वतः कधी तलाठ्याच्या दारात उभे राहिलेले नाहीत.

पण त्या बाईंचा अर्ज मी वाचला. त्या बोलल्या होत्या त्याचा आशय असा: धनी गेले, रान पाण्यानं खरवडून नेलं, पोरगं पुण्याला हाय ते काय धाडीना. यंत्राने लिहिले: ‘कुटुंबप्रमुखांच्या दुःखद निधनामुळे आमच्या कुटुंबावर आर्थिक संकट कोसळले असून उदरनिर्वाहाचे कोणतेही साधन उपलब्ध नाही.’ अर्ज म्हणून निर्दोष आहे. रान गेले, पोरगाही गेला. पोरगा वगळला गेला हे बाईंच्या पथ्यावरच पडले असेल. पण तो वगळायचा की ठेवायचा हे ठरवणे त्यांचे होते, आणि त्यांना ते कुणी विचारले नाही. त्याच आठवड्यात त्या टेबलावर याच वाक्याचे किती अर्ज जाऊन पडले असतील? कारकुनाला एकच बाई पुन्हा पुन्हा दिसत असेल, जिला गाव नाही, रान नाही आणि न पाठवणारा पोरगाही नाही.

अर्जाचे हे असे. कथेचे काय होते ते सांगतो, कारण माझा जीव तिथे आहे. आमच्या कळंब तालुक्यातल्या हासेगावचे भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. शेतकरी टोमॅटो घेऊन बाजारात जातो, भाव मिळत नाही, आणि शेवटी तो स्वतःच्याच मालाचा पायांनी चिखल करतो. हे सगळे शाळकरी मुलाच्या डोळ्यांनी. कथा तिथे थांबते. लेखक मधे येऊन भावाबद्दल व्याख्यान देत नाही. मुलाला जे कळले तेवढेच आपल्याला कळते, आणि जे कळले नाही ते रात्री झोपू देत नाही.

मी यंत्राला सांगितले, टोमॅटोला भाव न मिळालेल्या शेतकऱ्याची गोष्ट मराठवाडी मराठीत लिही. क्षणात लिहिली. शेतकऱ्याचे नाव रामराव. सूर्य मावळतीला झुकला होता, त्याच्या डोळ्यांत अश्रू तरळले, सुरकुतलेल्या चेहऱ्यावर काळजीचे जाळे. मराठवाडीच्या नावाखाली ‘लय’ आणि ‘व्हय’ हे दोन शब्द मिठासारखे वरून टाकलेले. क्रियापदे सगळी सदाशिव पेठेतली. मग शहरातून शिकून आलेला एक तरुण येतो, फोनवर थेट ग्राहक मिळवून देतो, रामरावच्या चेहऱ्यावर हसू उमलते आणि त्याला उमगते, की हार हा शेवट नसून ती नव्या सुरुवातीची पहिली पायरी आहे. व्याकरणाची एकही चूक नाही.

समीक्षक म्हणून माझा आक्षेप गोष्ट खोटी असण्याला नाही. पुष्कळ मानवी लेखकांनी याहून खोट्या गोष्टी लिहून दिवाळी अंकांची पाने भरली आहेत आणि आपण त्या फराळाबरोबर खाल्ल्या आहेत. आक्षेप असा, की या लेखकाला दुःख दोन ओळींपेक्षा जास्त सोसत नाही. ज्याला हातांत टोमॅटो धरल्याचा अनुभव नाही त्याला तो चिरडल्याचा कुठून असणार? चंदनशिवांच्या बोलीतला प्रत्येक शब्द कुणीतरी रानात, बाजारात, भांडणात आधी वापरलेला होता. यंत्राचा प्रत्येक शब्द कुणीतरी आधी छापलेला असतो.

आता वर्गात येऊ. मार्गशीर्ष सरताना आमच्याकडे वेळ अमावास्या असते. तिला आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी गावेच्या गावे ओस पडतात आणि रानात पंगती बसतात. भज्जी, आंबील, उंडे. बाहेरच्या पाहुण्याने एकदा तरी यावे. ‘येळवस’ या विषयावर मी आठवीला निबंध लिहायला सांगितला. बहुतेक वह्यांची सुरुवात, ‘वेळ अमावास्या हा केवळ सण नसून तो माणूस आणि निसर्ग यांच्यातील अतूट नात्याचा उत्सव आहे’, अशी. बहुतेकांचा शेवट एकोप्याच्या संदेशाने. पालकसभेत एका आईने अभिमानाने सांगितले, “सर, पोरगं आता लई शुद्ध लिहितंय.” त्या बाईंच्या आनंदावर पाणी ओतण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि ओतावे असेही वाटले नाही, आपल्या बोलीला हसतात म्हणून त्यांनी स्वतः शाळा सोडलेली आहे. शुद्ध मराठी हे आमच्या पोरांना पुण्याच्या नोकरीचे तिकीट आहे. ते त्यांच्या हातून काढून घ्या असे म्हणणारा मास्तर नव्हे, ढोंगी म्हणावा लागेल.

एका वहीत मात्र असे वाक्य सापडले: ‘औंदा आंबिलीत माशी पडली म्हणून आज्जीनं काळ्या आईला वाटी द्याची थांबिवली आन् मला दुसरं बिंदगं आणाय पळिवलं, तवर सगळे उपाशी.’ या वाक्यात आजीचा कडकपणा आहे, जमीन ही जेवायला बसलेली पहिली पाहुणी आहे ही श्रद्धा आहे, पळणारा मुलगा आहे आणि भुकेलेली पंगत आहे. यंत्राला सांगितले, हे शुद्ध कर. त्याने शुद्ध केले: ‘यावर्षी आजीने धरणीमातेला नैवेद्य अर्पण केला आणि आम्ही सर्वांनी आनंदाने भोजन केले.’ माशी गेली. माशीबरोबर आजीही गेली.

यावर इलाज नाही असे नाही. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी गावोगाव फिरून मराठीच्या बोली ध्वनिमुद्रित करण्याचे काम हाती घेतलेले आहे, त्याआधी डॉ. गणेश देवींच्या लोकसर्वेक्षणाने महाराष्ट्रातल्या भाषांचा ग्रंथ काढला. यंत्राला आमचे ‘जेवलालो’ कळावे असे वाटत असेल, तर ते कुठेतरी साठले पाहिजे, लिहिले गेले पाहिजे, छापले गेले पाहिजे. यंत्र जे वाचते तेच बोलते. त्याच्यापुढे आम्ही काय ठेवतो हा आमचाही हिशेब आहे. 2020 मध्ये आमच्या गावी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते, मांडव भरून वाहत होता. त्या मांडवाबाहेर चहाच्या टपरीवर तीन दिवस जी मराठी बोलली गेली ती कुणी टिपून ठेवली असती, तर केवढा ठेवा झाला असता!

आमच्या वर्गापुरते आम्ही सुरू केले आहे. फळ्याशेजारी एक मोठा कागद चिकटवला आहे आणि घरी ऐकलेला, पण पुस्तकात न सापडणारा शब्द मुलांनी त्यावर वाक्यासह लिहायचा, अट एवढीच की कोण बोलले तेही लिहायचे. त्यामुळे कागदावर शब्दांइतक्याच आज्या आणि चुलते आहेत. ‘बिंदगं’ सगळ्यांत वर आहे. उमरग्याकडून आलेल्या एका मुलीने उठून सांगितले, की तिच्या कानडी आजीच्या घरी पाण्याच्या घागरीला ‘बिंदिगे’ म्हणतात, तेव्हा हा शब्द तुमचा नाहीच. यावर मुलांचे दोन तट पडले. यंत्राला विचारू, असे एकाने सुचवले. त्याला बाकीच्यांनी खाली बसवले आणि दोन्ही आज्यांना शाळेत बोलावण्याचे ठरले. आज्यांचा दिवाळीनंतर येण्याचा वायदा आहे. तोवर भांडण चाललालंय.